पी००४५ कोड आणि गेलेलं पिकअप: टर्बो किंवा ईसीएम बदलण्याआधी सर्किट कसं तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिझेल गाडी, व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो (ज्यातल्या हलत्या पात्या, म्हणजे व्हेन, दाब कमी-जास्त करतात), त्या पात्या हलवणारा व्हॅक्यूमवरचा अ‍ॅक्चुएटर. चढावर किंवा ओव्हरटेक करताना इंजिनची लाइट लागते आणि पिकअप जातं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की काही काळ सगळं नीट चालतं. स्कॅनरवर पी००४५ आणि पी०२९९ असे दोन कोड. बूस्ट सोलेनॉइड (टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, ठरवणारा विजेचा व्हॉल्व्ह) नवा टाकला, तरी काही आठवड्यांत तेच कोड परत. आता एक जण म्हणतो टर्बो बदला, दुसरा म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला. पुढे काय करायचं?

दोन्हीपैकी काहीही बदलू नका. निदान अजून झालेलंच नाही. दोन कोडपैकी एक कारण सांगतोय आणि दुसरा बहुधा त्याचाच परिणाम आहे. पी००४५ म्हणजे बूस्ट कंट्रोलच्या सर्किटमध्ये ईसीएमला विजेचा दोष दिसला. पी०२९९ म्हणजे मागितला तेवढा बूस्ट मिळाला नाही. तुमच्या प्रकारच्या टर्बोत सोलेनॉइडला करंट मिळाला नाही की अ‍ॅक्चुएटरला व्हॅक्यूम मिळत नाही, व्हेन उघड्या राहतात आणि बूस्ट पडतो. म्हणजे सर्किट तुटलं तर पी०२९९ येणं साहजिकच आहे. टर्बोची शाफ्ट झिजली किंवा होज फाटला तर एकटा पी०२९९ येऊ शकतो, पण त्यामुळे पी००४५ येणार नाही. फाटक्या होजची बातमी सोलेनॉइडच्या वायरीतून ईसीएमला कळत नाही.

म्हणून कोड वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: हा सर्किटचा कोड आहे की कामगिरीचा? पी००४५ सर्किटचा किंवा ओपनचा, पी००४७ लो, पी००४८ हाय. हे तिन्ही विजेचे. पी००४६ मात्र रेंज आणि परफॉर्मन्सचा, त्यात यांत्रिक कारणंही येतात. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट वळवणारी झडप) सोलेनॉइडच्या गाड्यांत हीच मांडणी पी०२४३ ते पी०२४६ मध्ये दिसते आणि तिथे परफॉर्मन्सचा कोड पी०२४४. बूस्ट सेन्सरसाठी पी०२३५ ते पी०२३८, अ‍ॅक्चुएटरच्या पोझिशन सेन्सरसाठी पी२५६२ ते पी२५६५. सगळे पाठ असायची गरज नाही. कोडच्या वर्णनात सर्किट, ओपन, लो, हाय यांपैकी काही असेल तर मल्टिमीटर काढायचा. अंडरबूस्ट, ओव्हरबूस्ट किंवा परफॉर्मन्स असेल तर आधी होज, क्लॅम्प, इंटरकूलर आणि व्हॅक्यूम बघायचं.

आता ईसीएमला हा दोष दिसतो कसा, ते नीट समजून घेऊ. पुढच्या सगळ्या मोजमापांचा अर्थ यावरच अवलंबून आहे. बहुतेक बूस्ट सोलेनॉइडला दोन वायरी असतात. एकीवर फ्यूज आणि रिलेमधून बॅटरीचा सप्लाय येतो. दुसरी ईसीएमकडे जाते आणि ईसीएम ती सेकंदाला शेकडो वेळा अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्हला) जोडतो आणि सोडतो. जोडलेल्या वेळेचं प्रमाण म्हणजे ड्युटी सायकल, आणि त्यावर व्हॅक्यूम किती सोडायचा ते ठरतं. ईसीएमचं लक्ष या दुसऱ्या, म्हणजे कंट्रोल वायरवर असतं. त्याने अर्थ सोडला की कॉइलमधून आलेला बॅटरीचा व्होल्टेज तिथे दिसला पाहिजे. अर्थला जोडली की व्होल्टेज शून्याजवळ आला पाहिजे. सोडल्यावरही व्होल्टेज वर येत नसेल तर एकतर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा सप्लायपासून ईसीएमपर्यंतचा रस्ता कुठेतरी तुटलाय. जोडल्यावरही खाली येत नसेल तर वायर दुसऱ्या चालू सप्लायला चिकटली आहे किंवा कॉइल आतून शॉर्ट होऊन ड्रायव्हरला (ईसीएमच्या आतल्या त्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढतेय.

बघा, या सगळ्यात ईसीएमने सोलेनॉइड पाहिलेलाच नाही. त्याने फक्त आपल्या पिनवरचा व्होल्टेज पाहिला. फ्यूज, रिले, सप्लायची वायर, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिना, कॉइल, कंट्रोलची वायर, ईसीएमचा कपलर आणि ईसीएमच्या आतला ड्रायव्हर, इतक्या जागांपैकी कुठेही दोष असला तरी कोड तोच येतो. यातला एकच भाग तुम्ही बदललात. तो चांगला असूनही बदलला गेला असण्याची शक्यता मला मोठी वाटते. नवा भाग टाकल्यावर काही आठवडे गाडी नीट चालली, त्याचंही साधं स्पष्टीकरण आहे. सोलेनॉइड बदलताना कपलर काढून लावला गेला, वायर हलली आणि सैल संपर्क तात्पुरता जुळला.

तुमच्या वर्णनात एक मौल्यवान धागा आहे: दोष चढावर किंवा जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर येतो. त्या वेळी दोन गोष्टी घडतात. इंजिनच्या खोलीतलं तापमान वाढतं, आणि टॉर्कमुळे इंजिन माउंटिंगवर एका बाजूला झुकतं. सोलेनॉइड बॉडीवर बसवलेला असेल आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) इंजिनवरून येत असेल तर प्रत्येक झुकण्याबरोबर वायर ताणली जाते. बंद करून चालू केल्यावर नीट होणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. अनेक गाड्यांत ईसीएम दोष दिसल्यावर लिंप मोड (ताकद मुद्दाम कमी ठेवण्याची अवस्था) धरून ठेवतो आणि इग्निशन बंद होईपर्यंत सोडत नाही. दोष क्षणभराचा असला तरी शिक्षा पूर्ण फेरीची. त्यामुळे शोधायचा आहे तो अधूनमधून तुटणारा संपर्क. गॅरेजमध्ये थंड इंजिनावर सगळं ठीक दिसलं म्हणून कुणी वायरिंगला क्लीन चिट दिली असेल तर ती मानू नका.

काम सुरू करताना कोड पुसू नका. फ्रीझ फ्रेम, म्हणजे त्या क्षणाची साठवलेली नोंद, आधी लिहून घ्या: कोड आला तेव्हा आरपीएम किती, कूलंटचं तापमान किती, लोड किती, बॅटरीचा व्होल्टेज किती. कूलंट प्रत्येक वेळी ८० अंशांच्या वर असेल तर उष्णतेचा संशय घेता येतो. तापमान दर वेळी वेगळं पण लोड कायम जास्त असेल तर इंजिनच्या हालचालीकडे वळा.

मग सोलेनॉइडचा कपलर काढा आणि आधी डोळ्यांनी बघा. पिनेवर हिरवट थर, आत तेलाचा ओलावा, मागे सरकलेली पिन, कडक होऊन तडकलेलं इन्सुलेशन, कपलरचं तुटलेलं लॉक. त्याच मापाची एक सुटी पिन घेऊन कपलरच्या प्रत्येक भोकात घालून काढून बघा. चांगल्या टर्मिनलमध्ये ती काढताना हलकी पकड जाणवते. अलगद निसटली तर ते टर्मिनल पसरलंय. मल्टिमीटरची जाड पिन जबरदस्तीने घुसवल्यानेच ही टर्मिनल बऱ्याचदा पसरतात, म्हणून मोजताना मागच्या बाजूने बारीक पिन घालावी. इन्सुलेशनला टोचून मोजायची सवयही सोडा. त्या छिद्रातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी तिथेच तांबं हिरवं पडतं.

आता ज्या जागी सगळ्यात जास्त लोक फसतात ती जागा. कपलर काढून सप्लायच्या पिनेवर मीटर लावला, १२.४ व्होल्ट दिसले, ‘सप्लाय ओके’ म्हणून पुढे गेले. हे मोजमाप जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, त्यातून नगण्य करंट वाहतो. वायरीच्या तांब्याचा एकच तंतू शाबूत असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवणार. पाण्याची टाकी भरलेली आहे एवढंच त्यातून कळतं, नळाला धार किती येते ते नाही.

धार बघायची तर लोड लावा. बूस्ट सोलेनॉइडची कॉइल अनेक गाड्यांत १५ ते ३५ ओहमच्या दरम्यान असते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. २५ ओहम धरले तर १२ व्होल्टला जवळपास अर्धा अ‍ॅम्पियर करंट होतो. ५ वॅटचा साधा बल्ब ०.४ अ‍ॅम्पियर ओढतो, म्हणजे सोलेनॉइडची नक्कल करायला तो अगदी योग्य. बल्बचं एक टोक कपलरच्या सप्लाय पिनेला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. इग्निशन ऑन करून बल्ब पेटता ठेवा आणि मीटर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून त्या सप्लाय पिनेपर्यंत लावा. जो आकडा दिसेल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. एवढ्या कमी करंटला तो ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर जाऊ नये. काही सोलेनॉइडचा सप्लाय ईसीएमने चालवलेल्या रिलेतून येतो, त्यामुळे वायरिंगची आकृती समोर ठेवा आणि रिले खरोखर ओढला आहे ना ते बघा.

कंट्रोल वायरची अशीच परीक्षा घ्यायची, पण ईसीएम जोडलेला असताना नाही. बॅटरी सोडवा, ईसीएमचा कपलर काढा, त्याच्या कपलरमधली ती पिन जंपरने अर्थ करा. मग बॅटरी जोडून सोलेनॉइडच्या टोकाला बल्बमधून फ्यूज लावलेला पॉझिटिव्ह द्या. बल्ब पूर्ण उजळला पाहिजे. आता तो पेटता असताना हार्नेस हलवायला लागा. टोकापासून टोकापर्यंत, वीतभर वीतभर. क्लिपपाशी, ब्रॅकेटच्या कडेपाशी, ईजीआर पाइप (एक्झॉस्टचा काही भाग इंजिनात परत नेणारा) आणि टर्बोच्या हीट शील्डजवळ थांबून वाकवा, ओढा. बल्ब लुकलुकला की जागा सापडली.

अशा एका गाडीत इन्सुलेशन बाहेरून पूर्ण शाबूत होतं. हार्नेस इंजिनवरून सुटून बॉडीकडे जातो तिथल्या पहिल्या क्लिपच्या अगदी मागे बल्ब मंद व्हायचा. त्या जागी वायर दोन बोटांत धरून हलकीच ओढली तर रबरासारखी लांबत होती. आत तांबं असतं तर वायर लांबली नसती. इन्सुलेशन सोललं तेव्हा सगळे तंतू तुटून काळे पडलेले, फक्त दोन टिकलेले. मीटरने तिथे १२ व्होल्ट दाखवले होते आणि कंटिन्युइटीचा बीपही वाजला होता, कारण दोन तंतू त्यासाठी पुरेसे होते. सोलेनॉइडसाठी नव्हते. अशी वायर जोडताना तुटकी लांबी कापून नवा तुकडा घाला, चांगल्या क्रिंपिंगने जोडा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. नुसतं सोल्डर केलं तर त्याच्या कडेला वायर कडक होते आणि कंपनाने तिथेच पुन्हा तुटते. जोडल्यावर क्लिपच्या आधी थोडा ढिलेपणा ठेवा, नाहीतर मूळ कारण तसंच राहील.

कॉइलकडे वळू. थंड असताना ओहममध्ये मोजून ‘बरोबर’ म्हणणं अर्धवट आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना २५ ओहम असलेली चांगली कॉइल १०० अंशांना जवळपास ३३ ओहम दाखवेल. एवढी वाढ स्वाभाविक आहे, त्यावरून सोलेनॉइड फेकू नका. पण गरम करताना आकडा अचानक अनंताकडे गेला किंवा उलट खाली घसरला, तर कॉइल आतून तुटतेय किंवा शॉर्ट होतेय. हीट गन दुरून आणि सावकाश वापरा, मीटर मिन-मॅक्स मोडवर ठेवा आणि सोलेनॉइडला अधूनमधून हलकी टिचकी मारा.

स्कॅनर असेल तर एक सोपी आणि फार उपयोगी चाचणी करता येते. इग्निशन ऑन ठेवून सोलेनॉइडचा कपलर मुद्दाम काढा आणि कोड बघा. दोष ‘हाय’ दाखवत होता आणि कपलर काढल्यावर ‘ओपन’ किंवा ‘लो’ आला, तर ईसीएमला बदल दिसतोय. त्याच्यापासून कपलरपर्यंतचा रस्ता निदान त्या क्षणी जिवंत आहे आणि संशय सोलेनॉइडकडे सरकतो. काढल्यानंतरही तोच ‘हाय’ कायम राहिला तर कॉइल सुटली. आता कंट्रोल वायर दुसऱ्या सप्लायला चिकटली आहे किंवा ड्रायव्हरमध्ये दोष आहे. कपलर काढलेला असताना कंट्रोल पिनेवर दोन-तीन व्होल्ट दिसले तर घाबरू नका. ओपन सर्किट ओळखण्यासाठी बऱ्याच ईसीएमचा ड्रायव्हर तिथे स्वतः एक कमकुवत व्होल्टेज देतो.

ऑसिलोस्कोप मिळाला तर सोनं. कंट्रोल वायरवर चौकोनी लाट दिसली पाहिजे, तळ शून्याला जवळजवळ टेकलेला, माथा बॅटरीच्या व्होल्टेजला. तळ शून्यापासून एक-दीड व्होल्ट वर तरंगत असेल तर ड्रायव्हर किंवा ईसीएमचा अर्थ कमजोर आहे. ड्रायव्हर सुटतो त्या क्षणी कॉइलमधली ऊर्जा व्होल्टेजचा टोकदार उसळा देते. काही सर्किटमध्ये डायोड तो दाबतो, म्हणून उंची नव्हे तर उसळा अधूनमधून गायब होतोय का ते बघा. स्कोप नसेल तर मीटरची सरासरीही काम देते. १४ व्होल्ट चार्जिंगवर ६० टक्के ड्युटी असेल तर कंट्रोल वायरवर साधारण ५.६ व्होल्ट दिसतील, कारण ६० टक्के वेळ ती अर्थला असते. स्कॅनरवर ड्युटी बदलतेय आणि मीटरचा आकडा जागचा हलत नाही, असं झालं तर आज्ञा वायरीपर्यंत पोहोचतच नाही.

सर्किट पूर्ण निर्दोष निघालं तरच बूस्ट सेन्सरकडे या. तुमच्या कोडमध्ये त्याचं नाव नाही, पण हा प्रश्न इतक्या जणांना पडतो की थोडं सांगतोच. इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सरचा आकडा बॅरोमेट्रिक (वातावरणाचा दाब मोजणाऱ्या) सेन्सरशी जुळला पाहिजे. समुद्रसपाटीला सुमारे १०१ केपीए (किलोपास्कल), १,००० मीटर उंचीवर सुमारे ९०. हे निरपेक्ष दाब आहेत. स्कॅनरवर २०० केपीए म्हणजे दोन बार बूस्ट नव्हे, वातावरणाच्या वर साधारण एक बार. सेन्सरच्या अर्थमध्ये रेझिस्टन्स असेल आणि त्यावर ०.३ व्होल्ट पडत असतील, तर इंजिन बंद असताना आकडा खऱ्यापेक्षा १० केपीए किंवा त्याहून जास्त दिसू शकतो. गंमत अशी की दाब वाढेल तशी ही चूक कमी होत जाते, कारण अर्थ वर उचलला गेला की सेन्सरला मिळणारा ५ व्होल्टचा पट्टाही आक्रसतो. म्हणून ती रस्त्यावर नव्हे, इंजिन बंद असतानाच पकडायची. आणि एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर ५ व्होल्टचा सामाईक सप्लाय मोजा. तो खाली ओढला गेला असेल तर एकेक सेन्सर काढत जा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतील तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी.

तुमच्याकडे व्हॅक्यूमचा अ‍ॅक्चुएटर आहे, पण कुणाच्या गाडीत मोटरचा असेल तर एक इशारा. तिथे पी००४५ यांत्रिक कारणानेही येऊ शकतो. काजळीने व्हेन जाम झाल्या की मोटर अडते, जास्त करंट ओढते आणि ईसीएम त्याला विजेचा दोष समजतो. म्हणून मोटरच्या वायरींची तपासणी करण्याबरोबरच तिचा करंटही मोजा. गिअर असलेल्या अशा अ‍ॅक्चुएटरचा दांडा हाताने जबरदस्तीने ढकलू नका, आतले दाते तुटतात. स्कॅनरमधून चालवून बघा. नवा बसवला तर ईसीएमला त्याच्या हालचालीची दोन्ही टोकं शिकवण्याची प्रक्रिया करावीच लागते, नाहीतर लगेच पोझिशनचा कोड येईल.

शेवटी ईसीएम. ‘ईसीएम गेला’ म्हणण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात. त्याचे सगळे पॉझिटिव्ह सप्लाय आणि अर्थ लोडखाली मोजून चांगले निघाले आहेत. कंट्रोल वायर बल्बच्या परीक्षेत पास झाली आहे आणि ती बॉडीला किंवा दुसऱ्या सप्लायला टेकत नाही. आणि चांगली कॉइल जोडलेली असताना स्कॅनरवरून ड्युटीची आज्ञा दिली तरी ईसीएमच्या पिनेवर काहीच हालचाल होत नाही. तिन्ही जमल्या तर ड्रायव्हर खरंच मेला आहे. मग तो का मेला हेही शोधा: कॉइलचा रेझिस्टन्स थंड आणि गरम दोन्ही मोजा, कंट्रोल वायर पॉझिटिव्हला कुठे घासते का ते पूर्ण लांबीभर बघा. हे न करता नवा किंवा दुरुस्त केलेला ईसीएम जोडला, तर तीच शॉर्ट कॉइल त्याचाही ड्रायव्हर पहिल्याच चढावर जाळू शकते.